गिरगाव : समुद्रकाठच्या एका नागरी वस्तीच्या सहजीवनाचा इतिहास

प्रास्ताविक

मुंबईच्या इतिहासलेखनात बंदर, कापडगिरण्या आणि व्यापारी पेढ्या यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. ज्या वस्त्यांत या शहराचा कारकून, शिक्षक, मुद्रक, सोनार आणि दुकानदार राहिला, त्या वस्त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला. गिरगाव ही अशा वस्त्यांपैकी एक प्रमुख वस्ती होय. मलबार टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या या भागाच्या पश्चिमेस समुद्र, तर पूर्वेस भुलेश्वर, काळबादेवीची बाजारपेठ आहे. गिरणगाव आणि गिरगाव या नावांतील साम्यामुळे अनेकदा गल्लत होते. परंतु गिरणगाव ही कामगारांची, तर गिरगाव ही प्रामुख्याने पांढरपेशा मध्यमवर्गाची वस्ती होती.

समुद्राच्या सान्निध्याचा येथील रहिवाशांच्या जीवनाशी कोणता संबंध होता आणि तो काळानुरूप कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. गिरगावातील खाजगी जागा नेहमीच अपुरी होती. ती उणीव सामायिक जागांनी भरून काढली. वाडी, चाळीची गॅलरी आणि चौपाटी या त्या तीन सामायिक जागा होत. गिरगावाच्या भवितव्याविषयीची आजची चर्चा इमारतींभोवती फिरत असली, तरी खरा प्रश्न या सामायिक जागांचा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वाडीपासून चाळीपर्यंत

गिरगावचा भूतकाळ त्याच्या स्थलनामांत टिकून आहे. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे बागायतीची आणि शेतीची आठवण देतात. कोकणात 'वाडी' म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि तिच्या आश्रयाने वसलेली घरे. मुंबईचे शहरीकरण होत असताना बागा गेल्या. पण 'वाडी' हा शब्द आणि एका प्रवेशमार्गाभोवती घरे असण्याची रचना कायम राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेली खोताची वाडी हे याचे ठळक उदाहरण आहे. खोतांनी ही जमीन मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरे बांधण्यासाठी दिली. लाकडी जिने, पुढील पडवी आणि उतरती कौलारू छपरे असलेली तेथील सुमारे ६५ घरांपैकी आज तीसहूनही कमी शिल्लक आहेत.

चर्नी रोड या नावामागील इतिहासही सामायिक जागेचाच आहे. १८३८ च्या सुमारास कंपनी सरकारने कॅम्प मैदानावर गुरे चारण्यास शुल्क लावले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी ठाकुरद्वारानजीक समुद्रालगतची जमीन विकत घेऊन ती गुरांच्या मोफत चराईसाठी खुली केली. 'चरणी' या शब्दावरून पुढे रस्त्याला व स्थानकाला नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण, देश आणि गुजरातेतून नोकरीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांच्यासाठी वाड्यांच्या मोकळ्या जागेत दोन-तीन मजली चाळी उभ्या राहिल्या. एका रांगेत खोल्या, पुढे लाकडी कठड्याची सलग गॅलरी, टोकाला सामायिक शौचकूप, आणि मधोमध चौक असा त्यांचा साधारण आराखडा होता. दहा बाय बाराच्या खोलीत एक बिऱ्हाड, आणि बहुधा त्यात गावाहून शिक्षणासाठी आलेला एखादा भाचा किंवा पुतण्याही असे.

समुद्र, रेल्वे आणि वारा

याच काळात वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये पहिला अडसर उभा राहिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूसव्यापारात अमाप पैसा आला आणि बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व ही कंपनीही बुडाली. तिने भरलेल्या किनारपट्टीवरून मात्र बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ गेले. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेपर्यंत गाडी धावू लागली. कामावर जाणे सुलभ झाले. परंतु चिराबाजार-ठाकुरद्वारच्या रहिवाशाला समुद्राकडे जाण्यासाठी आता रूळ ओलांडावे लागू लागले.

दुसरा मोठा बदल प्लेगने घडवला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि अल्पावधीत साथ शहरभर पसरली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा हे रोगाचे कारण असल्याची तत्कालीन वैद्यकीय समजूत होती. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राकडून येणारा पश्चिमवारा दाट वस्तीत खोलवर पोहोचावा, या हेतूने ट्रस्टने पूर्व-पश्चिम रुंद रस्ते आखले. गिरगाव चौपाटीच्या बाजूने डोंगरीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) आणि प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) हे त्यांपैकी प्रमुख होत. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले. त्यामुळे या रस्त्यांचा वैद्यकीय आधार दुर्बळ ठरला. रस्त्यांसाठी जी घरे पाडली गेली, त्यांतील गरीब रहिवासी बहुधा शेजारच्या अधिक दाट वस्तीत सामावले गेले. तरीही या योजनेत एक तत्त्व गृहीत होते. समुद्रवारा ही किनाऱ्यावरील धनिकांची मिरास नसून आतील वस्तीचाही त्यावर हक्क आहे, हे ते तत्त्व होय.

चाळीतील दैनंदिन जीवन

गिरगावकराचा दिवस पाण्याच्या वेळेने सुरू होई. नळ येण्याची वेळ, शौचकुपापुढील रांग आणि कचेरीची गाडी यांचा मेळ घालण्यात सकाळ जाई. दुपारी गॅलरी ही स्त्रियांची जागा असे. पापड वाळवणे, धान्य निवडणे, मुलांवर लक्ष ठेवणे आणि सुखदुःखाची देवाणघेवाण तेथेच होई. रात्री तीच गॅलरी पुरुषांच्या व मुलांच्या अंथरुणांनी भरे. एकाच जागेचा दिवसातून तीन वेळा वेगळा उपयोग हे चाळीच्या व्यवस्थेचे मर्म होते.

समुद्राचे अस्तित्व घरातही जाणवे. खाऱ्या हवेने लोखंडी गजांना व तुळयांना गंज चढे, पावसाळ्यात भिंतींना ओल येई, कपडे दिवसेंदिवस वाळत नसत. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाल्यास गटारांचे पाणी समुद्रात जाण्याऐवजी सखल भागात तुंबे. चिराबाजारच्या मासळीबाजारातील आणि दारोदार फिरणाऱ्या कोळिणींमुळे घरातील स्वयंपाक ऋतुमानाशी बांधलेला राही. मासेमारी बंद असलेल्या पावसाळी महिन्यांत सुकी मासळी आणि नारळी पौर्णिमेनंतर ताजी, हा क्रम सारस्वत, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन अशा अनेक समाजांना समान होता.

या सहजीवनाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. अनेक चाळी आणि वाड्या ज्ञातीनिहाय होत्या. खोली मिळण्यासाठी ओळख आणि जात या दोन्हींची विचारणा होई. शेजारधर्माची व्याप्ती या मर्यादेतच होती आणि दलितांना तीत क्वचितच प्रवेश होता. तसेच सामायिक व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नसे. पाणी भरणे, सांडपाण्याची व्यवस्था, आजाऱ्याची शुश्रूषा आणि एकांताचा अभाव यांचा सर्वाधिक ताण स्त्रियांनी सोसला. चाळीच्या आठवणी प्रसन्नतेने सांगणारे लेखन बहुतांशी पुरुषांचे आहे, ही गोष्ट अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये.

सार्वजनिक जीवनाची जडणघडण

खोल्या लहान असल्यामुळे माणसे बाहेर आली आणि त्यातून सार्वजनिक जीवन घडले. १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होत आहे. चौकातील मांडव हे व्याख्यान, मेळे व नाटक यांचे व्यासपीठ झाले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, तर १४ मार्च १९३१ रोजी भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना झाली. केळेवाडीतील त्याची वास्तू मराठी रंगभूमीचे एक केंद्र ठरली. शाळा, ग्रंथालये, छापखाने, प्रकाशनसंस्था आणि खाणावळी चालत जाण्याच्या अंतरावर असणे, हे या वस्तीचे खरे भांडवल होते.

या जीवनाचा सर्वांत मोठा चौक म्हणजे चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाल्यावर त्यांच्यावर चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले. १९३० मध्ये येथेच समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदेभंग करण्यात आला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची चौपाटीवरील सभा संयुक्त महाराष्ट्रवादी श्रोत्यांनी उधळली. अनंत चतुर्दशीचे विसर्जनही येथेच होते. कोणत्याही संस्थेच्या मालकीची नसलेली वाळूची ही पट्टी चाळकऱ्यांसाठी संध्याकाळचे अंगण आणि राष्ट्रासाठी सभास्थान, अशी दोन्ही कामे करीत आली.

भाडेकायदा, जीर्णता आणि पुनर्विकास

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. या संरक्षणामुळेच अल्प उत्पन्नाचा मराठी मध्यमवर्ग शहराच्या मध्यभागी, समुद्राजवळ राहू शकला. परंतु तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नसल्याने मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निर्माण झाले आणि बेट शहरातील सुमारे साडेएकोणीस हजार इमारती उपकरपात्र ठरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीने जादा चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकाकडून भाडेकरूस मोफत सदनिका मिळण्याचा मार्ग खुला केला. त्यातील किमान क्षेत्र प्रथम २२५ चौरस फूट होते. पुढे ते ३०० चौरस फूट करण्यात आले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहारासही कायदेशीर मान्यता दिली.

गेल्या पंचवीस वर्षांत गिरगावात अनेक मनोरे उभे राहिले. मेट्रो मार्ग ३ च्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग पूर्णपणे सुरू झाला. २०२४ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गाचे जुळे बोगदे मलबार टेकडीखालून चौपाटीच्या परिसरात येतात. दरम्यान २०१८ मध्ये मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींचा समावेश असलेल्या समूहास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. रुळांपलीकडील समुद्राभिमुख इमारती वारसा ठरल्या. रुळांअलीकडील चाळी मात्र मुख्यतः धोकादायक इमारती म्हणूनच शासनदरबारी नोंदल्या जातात.

चाळकऱ्याने पुनर्विकासास संमती दिली, ती स्वाभाविकच होती. स्वतंत्र शौचालय, दिवसभर पाणी, उद्वाहन आणि कोसळण्याच्या भीतीपासून मुक्तता या गरजा आहेत. त्यांना चैन म्हणता येणार नाही. विशेषतः स्त्रियांसाठी हा बदल मुक्तिदायी ठरला. परंतु या व्यवहाराचे माप केवळ सदनिकेच्या चटईक्षेत्राचे आहे. गॅलरी, चौक आणि वाडीची वाट यांचे क्षेत्र त्यात भाडेकरूच्या हिश्श्याचे म्हणून मोजले जात नाही. खोली मोठी होते, घराबाहेरचे घर मात्र संपते. शिवाय वाढत्या देखभाल खर्चामुळे मूळ रहिवाशास नवी सदनिका विकून उपनगर गाठणे अनेकदा सोयीचे वाटते.

समारोप

गिरगावाच्या इतिहासात समुद्राचा अर्थ तीनदा बदललेला दिसतो. प्रथम तो बागायतदार व कोळी यांच्या उपजीविकेचा भाग होता. प्लेगोत्तर काळात तो सार्वजनिक आरोग्याचे साधन ठरला आणि त्याचा वारा आतील वस्तीपर्यंत नेणे हे नगररचनेचे कर्तव्य मानले गेले. आज तो प्रामुख्याने वरच्या मजल्यावरून दिसणारे आणि त्यानुसार किंमत ठरणारे दृश्य झाला आहे. सामायिक हक्काकडून खाजगी दृश्याकडे झालेला हा प्रवास समुद्रकाठच्या इतर नागरी वस्त्यांच्या अभ्यासासही उपयुक्त ठरावा.

जुन्या चाळी जशाच्या तशा जतन करणे शक्य नाही आणि सर्वत्र इष्टही नाही. मात्र पुनर्विकासाच्या आराखड्यात मजल्यावरील सामायिक ओसरी, एकत्र येण्याचा चौक, वाडीतून आरपार जाणारी सार्वजनिक वाट आणि समुद्रवाऱ्याचा मार्ग यांना मोजता येणारे व रहिवाशांच्या हक्काचे क्षेत्र म्हणून स्थान देणे शक्य आहे. गिरगावने ज्या सार्वजनिक जीवनाचा वारसा महाराष्ट्राला दिला, त्याची उपज या जागांतून झाली होती. त्या जागांचा हिशेब ठेवला नाही, तर वस्तीचे नाव टिकेल, तिचे सहजीवन टिकणार नाही.