किल्ली घरात, गाडी गायब

गेल्या हिवाळ्यात फजरच्या नमाजेला खाली उतरलो तर शेजाऱ्यांची गाडी जागेवर नव्हती. जमिनीवर काचेचा तुकडाही नाही. दोन्ही किल्ल्या घरात, दाराजवळच्या खुंटीला. दुपारपर्यंत संशय गाड्या धुणाऱ्या पोरावर गेला. आतून पुसायला रोज किल्ली त्याच्या हातात जायची, एवढाच काय तो पुरावा. त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवले. मीही त्या दिवशी गप्पच राहिलो.

किल्ली घरात आणि गाडी बाहेर गेली, म्हणजे कोणीतरी घरभेदी, हा तर्क लोखंडी कुलपांच्या काळातला आहे. तो कुठे मोडला हे शोधताना मी पार मागे, दियारबकरच्या अर्तुकी दरबारापर्यंत गेलो. तिथे इस्माईल अल-जझरी यांनी 1206 साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यातले हत्तीचे घड्याळ सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच ग्रंथात एका पेटीचे कुलूपही आहे. झाकणावर चार तबकड्या, त्यांवर अक्षरे. ठरलेली अक्षरे जुळली तरच पेटी उघडते. इस्फहानच्या मुहम्मद बिन हामिद या अस्तरलाब बनवणाऱ्या कारागिराची हिजरी 597 मधली अशीच एक पेटी आज कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शनमध्ये आहे. या कुलपाला किल्ली नाही. मालकाला काय आठवते, एवढेच ते विचारते.

मोटारीचा प्रवास मात्र उलटा झाला. 1990 च्या दशकात किल्लीत चिप आली. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, आणि तारा जोडून गाडी पळवणे अवघड झाले. त्याच सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये खिशातून न काढता चालणारी किल्ली आली. गाडी कमी कंप्रतेची हाक मारते, ती दीड-दोन मीटरपर्यंतच पोहोचते. किल्ली ती ऐकून सांकेतिक उत्तर देते. उत्तर आले म्हणजे मालक जवळच आहे, असे गाडी धरून चालते.

खोट आहे ती या धरून चालण्यात. 2011 साली झ्युरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. एक अँटेना गाडीपाशी, दुसरा किल्लीपाशी, आणि मध्ये निरोप पोहोचवणारी जोडणी. दहाही गाड्या फसल्या. संकेत कोणी फोडलाच नाही, फक्त हाक लांबवर नेली. दारामागच्या खुंटीवरची किल्ली इमानाने उत्तर देत राहते.

हे वाचल्यावर लॅमिंग्टन रोडवरून एक रीड स्विच, चुंबक, 12 व्होल्टचा रिले, फ्यूज आणि दुचाकीचा सायरन आणला. कल्पना माझी नव्हे. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी 1853 मध्ये पेटंट घेतलेल्या घंटेचे तत्त्वही हेच : दार उघडले की मंडल पूर्ण होते आणि घंटा वाजते. रिले मी स्वतःलाच धरून ठेवील असा जोडला, म्हणजे दार पुन्हा लावून सायरन थांबत नाही. वीज बॅटरीतून, फ्यूजमधून. गाडीच्या कंप्युटरच्या तारांना हात लावला नाही. पहिल्या रात्री चुंबक सरकला आणि अख्खी इमारत जागी झाली. बायकोने दोन दिवस धड बोलणे टाकले.

बसण्याआधी एक छुपा खटका दाबावा लागतो. तो कुठे आहे हे लक्षात ठेवावे लागते, अल-जझरींच्या अक्षरांसारखे. किल्ली आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असते. डबा गाडीला टेकवूनही दार उघडत नाही, हे आधी पाहून घेतले. सगळेच डबे असे निघत नाहीत.

खटक्याची जागा तिघांना माहीत आहे. मला, बायकोला आणि गाड्या धुणाऱ्या त्या पोराला. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीला मात्र तो हात लावत नाही. त्यांनी दोनदा बोलावले, तरी.