बेटांची नावे आणि आपली माणसे

काप मालेरे येथून उत्तरेकडे पाहिले की समुद्रात काही लहान बेटे दिसतात. शाळेच्या सहलीत आपली मुले त्यांची नावे पाठ करतात. ही नावे कोणी ठेवली, हे मात्र आपण त्यांना क्वचितच सांगतो.

बहुतेक नावे खलाशांनी ठेवली. सर्वांत जवळचे बेट 'क्वँ द मीर'. तोफेचा नेम धरताना तिच्याखाली लाकडी पाचर सरकवीत, तसा त्या बेटाचा आकार दिसतो, म्हणून हे नाव. त्यापलीकडचे 'इल प्लाट' म्हणजे सपाट बेट. पुढे 'सर्प बेट' आहे, पण त्यावर साप नाहीत. साप आहेत ते शेजारच्या 'गोल बेटा'वर! नाव ठेवणाऱ्याने दुरून पाहिले आणि नकाशावर लिहून टाकले. पुढे तेच कायम झाले.

सपाट बेटाला लागून 'गाब्रिएल' नावाचे छोटे बेट आहे. आज तेथे पर्यटकांच्या होड्या जातात. पांढरी वाळू आणि निळे पाणी पाहून माणसे खूश होतात. आपल्याला मात्र या बेटाची दुसरी ओळख ठाऊक असली पाहिजे.

१८५४ साली मॉरिशसमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि हजारो माणसे दगावली. पोर्ट लुईच्या लोकांनी तिची धास्ती घेतली होती. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजे मजूर घेऊन आली. जहाजांवर पटकी होती, म्हणून मजुरांना बंदरात उतरू न देता गाब्रिएल बेटावर ठेवण्यात आले. तेथे पुरेसा निवारा नव्हता, गोड्या पाण्याची टंचाई होती. अडीचशेहून अधिक माणसे तेथेच मरण पावली. ही बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर तेथील सरकारने काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणे बंद केले. त्यानंतर सपाट बेटावर रोग्यांना वेगळे ठेवण्याचे ठाणे उभे राहिले.

ती माणसे कलकत्त्याची होती. आपले पूर्वज मुंबई बंदरातून, बरेचसे रत्नागिरीकडून आले. पण जहाजावर रोग निघाला की किनाऱ्यापासून दूर थांबण्याचा नियम सर्वांना सारखाच होता. कुली घाटाच्या सोळा पायऱ्या चढायला मिळाल्या, म्हणून आज आपण आहोत. ज्यांना त्या चढता आल्या नाहीत, तेही आपलेच.

त्यांतील एकाचेही नाव कोणत्या बेटाला नाही. नाव ठेवण्याचा अधिकार मजुराला नव्हता. तरीही भोजपुरी बोलणाऱ्या मजुरांनी या देशाला आपल्या जिभेवर बसेल असे 'मिरीच' नाव दिलेच. ते कोणत्याही नकाशावर छापले गेले नाही, पण घराघरांत टिकले.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, वय अशा नोंदी सापडतात. या शताब्दीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या पहिल्या पूर्वजाचे नाव, गाव आणि जहाज शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, अशी आम्हा शिक्षकांची विनंती आहे. आणि उत्तरेची बेटे दाखवताना मुलांना गाब्रिएलची हकीकतही सांगावी. नकाशात नसलेली नावे आपणच लक्षात ठेवायची आहेत.