सरावाचा रस्ता

उत्तर इटलीतील कोमो सरोवराच्या काठी बेल्लाजो नावाचे गाव आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेला रस्ता सुमारे साडेदहा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढून ७५४ मीटर उंचीवरील गिझाल्लो खिंडीत पोहोचतो. सरासरी काढली तर हा चढ भयंकर वाटत नाही. परंतु मधला काही भाग सपाट आणि उताराचा असल्यामुळे उरलेला रस्ता त्याचे उट्टे काढतो. काही ठिकाणी शंभर मीटर पुढे सरकावे तर चौदा मीटर वर जावे लागते. माथ्यावर पवित्र मरियेचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. दरोडेखोरांनी गाठलेल्या गिझाल्लो नावाच्या सरदाराने येथील प्रतिमेपाशी आश्रय घेतला व तो वाचला, अशी मध्ययुगीन आख्यायिका सांगतात.

धाप लागलेले सायकलपटू या मंदिरापाशी थांबत. येथील धर्मगुरू फादर एरमेलिंदो विगानो यांनी मरियेला सायकलपटूंची आश्रयदाती घोषित करावे, असा आग्रह धरला आणि १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप बारावे पायस यांनी तो मान्य केला. आज मंदिराच्या भिंतींवर नामवंतांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांत १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीज पर्वतातील उतारावर पडून मृत्यू पावलेल्या फाबियो कासार्तेल्ली या याच परिसरातील तरुणाचीही सायकल आहे. तिच्यासमोर मेणबत्ती लावणारे अनेक असतात. त्याच भिंतींवर जीनो बार्ताली यांचीही सायकल आहे.

बार्ताली यांचा जन्म १८ जुलै १९१४ चा, फ्लॉरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा या खेड्यातला. १९३६ साली शर्यतीतील अपघाताने धाकटा भाऊ जुलिओ दगावला, तेव्हा त्यांनी सायकल कायमची सोडून देण्याचे मनात आणले होते. ते कार्मेल संघाच्या प्रापंचिकांसाठी असलेल्या तृतीय शाखेचे सभासद झाले. इटलीची परिक्रमा त्यांनी तीनदा जिंकली आणि ‘तूर द फ्रान्स’ १९३८ व १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा. त्यांचे खरे सामर्थ्य घाटात दिसे. त्या काळी चढावर गिअर बदलणे हीच एक कसरत होती. बैठकीच्या मागे हात नेऊन एका दांडीने मागचे चाक सैल करायचे, पायडल उलटे फिरवीत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायची आणि मग चाक पुन्हा आवळायचे. आणि हे सारे चालत्या सायकलवर! असे कौशल्य मैदानात येत नाही. त्यासाठी रोज रस्त्यावर जावे लागते. म्हणूनच बार्ताली दूरवर एकटे निघाले, तर कुणाला नवल वाटत नसे.

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतला आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे महागुरू कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी १९४० मध्ये बार्ताली यांचा विवाह लावला होता. १९३८ मध्ये हिटलर शहरात आला, तेव्हा आपल्या निवासाच्या खिडक्या बंद ठेवणारे हेच कार्डिनल. आता त्यांनी मठांची दारे ज्यूंसाठी उघडली. पुढची हकीकत जगभर सांगितली जाते. असिसीत बिशप निकोलिनी आणि फादर रुफिनो निकाची यांच्या आश्रयाने ब्रिझी पितापुत्रांचा छापखाना बनावट ओळखपत्रे तयार करी. बार्ताली सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्सहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर सायकल मारीत जात आणि छायाचित्रे व कागद सायकलच्या नळीत गुंडाळून नेत-आणत. पहारेकऱ्यांनी अडविले, तर सायकलीचे भाग मोजूनमापून बसविले आहेत, हात लावू नका, असे सांगत. १९४१ ते १९४५ या काळात इटलीची परिक्रमा झालीच नाही. शर्यत नसताना सराव कशाचा, हा प्रश्न कोणी विचारला नसावा. विजेत्याच्या कीर्तीचा तो परवानाच होता.

२०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने बार्ताली यांना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ हा सन्मान दिला. मात्र २०१७ मध्ये मिकेले सार्फात्ती या इतिहासकाराने गंभीर शंका मांडली. असिसीच्या फेऱ्यांना त्या काळातील कागदोपत्री आधार नाही आणि ही कथा १९७८ साली निघालेल्या अलेक्झांडर रामाती यांच्या पुस्तकातून पसरली, असे त्यांचे म्हणणे. त्या पुस्तकात फादर निकाचींच्या तोंडून हकीकत सांगितली आहे. ती कितपत त्यांची आणि कितपत लेखकाची, हे ठरविणे कठीण. स्वतः बार्ताली याविषयी फारसे बोलत नसत. सत्कृत्य करावे, बोलून दाखवू नये, असे ते आपल्या मुलाला सांगत.

आपल्यापैकी अनेकांना ही शंका खटकेल. मला ती उपकारक वाटते. गुप्त कामाचे कागद कोणी जपून ठेवीत नाही, हे बचावाचे उत्तर खरे आहे; पण कागद नाहीत, हाच पुरावा मानू लागलो तर कोणतीही कथा खरी ठरेल. संतचरित्रांत अशा भरीने किती खरी माणसे झाकली गेली, हे आपण जाणतो. बार्ताली यांच्यासाठी तशा भरीची गरजही नाही. जॉर्जो गोल्डनबर्ग यांची साक्ष वेगळी आहे. ती पुस्तकातून आलेली नाही. ते तेथे राहिले होते. त्यांचे ज्यू कुटुंब बार्ताली यांच्या फ्लॉरेन्समधील तळघरात लपले होते. घरमालक पकडला गेला असता, तर त्याला मृत्युदंड होता. आईवडील, बहीण आणि लहानगा जॉर्जो असे चौघे एकाच पलंगावर झोपत. शेजारी पाहतील म्हणून मुलाला अंगणात जाण्याची मुभा नव्हती. वडील कधीच बाहेर पडले नाहीत. आई तेवढी दोन बादल्या घेऊन विहिरीवर पाण्याला जाई.