अर्ध्या पॉटचं मोल: पाचोलीपासून ओमाहापर्यंत

आजचा विषय वाचून काहीजण म्हणाले असतील, सर आता म्हातारपणी पत्ते शिकवायला लागले! पत्ते मला शिकवायचे नाहीत. पत्त्यांनी माणसाला काय शिकवलं, एवढंच बघायचं आहे.

प्रश्न जुना आहे: डाव संपण्याआधी, हातात जे आहे त्याची किंमत कशी ठरवायची?

1494 साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने आपल्या ग्रंथात एक कोडं घेतलं. खेळ अर्ध्यात थांबला, तर मधली रक्कम वाटायची कशी? त्याचं उत्तर होतं, जितके डाव ज्याने जिंकले त्या प्रमाणात. ऐकायला न्याय्य वाटतं. पण 1654 मध्ये पास्कलने फर्माला लिहिलेल्या पत्रांत हाच प्रश्न उलटा धरला. दोघांनी 32-32 नाणी लावली आहेत, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळी 64. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पाचोलीच्या हिशेबाने दोनास एक, म्हणजे साधारण 43 आणि 21. पास्कल म्हणतो, थांबा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला 64. हरला तर बरोबरी, म्हणजे 32. तेव्हा 32 त्याची खात्रीची. उरलेल्या 32 वर दोघांचा सारखाच हक्क, म्हणून निम्मी, 16. एकूण 48 आणि 16.

फरक लक्षात आला ना? पाचोली मागं काय झालं ते मोजतो, पास्कल पुढं काय होऊ शकतं ते मोजतो. 1657 मध्ये हायगेन्सने या विचारावर छोटं पुस्तकच लिहिलं.

आता तीनशे वर्षं ओलांडून अमेरिकेत येऊ. 1976 मध्ये डेव्हिड स्क्लान्स्की यांनी होल्डेम पोकरवर पुस्तिका लिहिली आणि सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या हातांची प्रतवारी लावली. असे हात 1,326. ओमाहात चार पत्ते मिळतात. तिथं हात होतात 2,70,725. त्यातून हाय-लो प्रकार असेल तर पॉटचे दोन भाग: निम्मा सर्वांत मोठ्या हाताला, निम्मा सर्वांत लहान हाताला. लहान हात म्हणजे अठ्ठी किंवा तिच्या खालचे पाच वेगवेगळे पत्ते, एक्का धरून. हातातले नेमके दोन आणि मधले तीन वापरायचे. लहान हात कुणाचाच जमला नाही, तर मोठा सगळं नेतो.

नवखा खेळाडू इथं पाचोली होतो. राजाची जोडी दिसली की खूश! पण पाच खुल्या पत्त्यांत तीन वेगवेगळे लहान पत्ते येण्याची शक्यता साधारण 60 टक्के आहे. तेवढ्या वेळा निम्मा पॉट जाण्याची भीती. नव्वीचं तर विचारूच नका. लहान हातात ती बसत नाही, आणि सहा-सात-आठच्या पुढं लागून सीक्वेन्स करते, तेव्हा लहान हाताचीही सोय झालेली असते.

मग एक्का-दुर्री तरी भक्कम? तेही पूर्ण नाही. समजा तिघांनी शंभर-शंभर लावले, पॉट 300. लहान भागाचे 150. तुमच्यासारखीच एक्का-दुर्री आणखी एकाकडे आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला 75. डाव 'जिंकून' 25 गमावले! शिवाय मधे एखादी दुर्री उघडली की तुमच्या दुर्रीचं काम संपलं. म्हणून जवळ तिर्री हवी. याच कारणाने दोन एक्के, दुर्री, तिर्री, आणि प्रत्येक एक्क्याला आपल्या रंगाचा जोडीदार, हा हात सर्वांत वरचा मानतात. तो दोन्ही बाजूंना जातो. रे झी यांचं 1992 चं हाय-लोवरचं पुस्तक हेच बजावतं, की अर्ध्यासाठी नव्हे, पूर्ण पॉटसाठी खेळा.

आता एक कबुली देतो. वर्गात मी वर्षानुवर्षं पास्कलची ईश्वरावरची पैज शिकवली. ही पत्रं मात्र एका वाक्यात उरकत असे. चूक होती ती. पैजेतला विचार समजायला आधी ते 48 समजावे लागतात. आणि त्यातली गंमत बघा, खेळ शेवटपर्यंत चालला असता तर 48 कुणालाच मिळाले नसते. 64 तरी, नाहीतर शून्य. तरीही त्या क्षणी योग्य किंमत 48 हीच होती.

म्हणून हरलेला प्रत्येक हात चुकीचा खेळलेला नसतो आणि जिंकलेला प्रत्येक बरोबर नसतो. चार चांगले पत्ते टाकून देणं ज्याला जमत नाही, त्याने पैसे लावून बसू नये, एवढं मात्र आजोबा म्हणून सांगतो. पुढच्या वेळी हायगेन्स. प्रश्न असतील तर आता घेऊ.