दहा रुपयांवर चाळीस पैसे

घरमालक म्हटलं की सिनेमातला खडूस म्हातारा आठवतो. आमच्या सोलापुरातला छोटा घरमालक मात्र वेगळाच. १८७७ साली जुनी मिल निघाली, पुढे गिरण्या वाढल्या आणि कामगारांना खोल्या हव्या झाल्या. मग १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. जुनी भाडी सप्टेंबर १९४०च्या आकड्यावर गोठली. टंचाईच्या काळात भाडेकरूला तो आधार हवाच होता. पण धाब्यावर टाकायची माती आणि सुताराची मजुरी थोडीच गोठली! १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. ३१ मार्च २०००ला नवा कायदा लागू झाला. वर्षाला ४ टक्के वाढ, म्हणजे दहा रुपयांवर चाळीस पैसे! दुरुस्ती मालकाकडेच. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडत नाही. मध्ये गळतं ते घर.