श्रावणसरींच्या तीस मात्रा

बालकवींच्या ‘श्रावणमासी’तल्या निसर्गचित्रांवर पुष्कळ लिहून झाले आहे. तिच्या चालीविषयी मात्र ‘गेय’ एवढाच शेरा मारून टीकाकार पुढे सरकतात. माझे मत निराळे आहे. आपल्या सीमाभागातल्या घरांत ही कविता टिकली ती चित्रांपेक्षा चालीने.

ओळीला तीस मात्रा : आठ, आठ, आठ आणि सहा. छंदशास्त्रात या जातीला हरिभगिनी म्हणतात. अखेरच्या तुकड्यात दोन मात्रा कमी. तेथे म्हणणारा श्वास घेतो आणि टाळी चुकत नाही. दोन-दोन ओळींचे यमक नेमके या विसाव्याआधी येते, म्हणूनच ते कानात रेंगाळते. पुनरुक्तीचेही तसेच. ‘क्षणात’ हा शब्द एकाच ओळीत दोनदा येतो, बरोबर सोळा मात्रांच्या अंतराने. पहिल्या सोळांत सर येते, उरलेल्या चौदांत ऊन पडते. लहरी पाऊस, पण हिशेब चोख!

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाली. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर, वनस्पतींचे गाढे अभ्यासक. निसर्गकवीला याहून योग्य पारखी कोण मिळणार? १९१८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, बालकवी रेल्वे अपघातात गेले. पुढे मराठी वृत्तांची शास्त्रशुद्ध मांडणी ‘छंदोरचने’त (१९२७) केली ती माधव जूलियन यांनी. त्यांचा जन्म बडोद्याचा, म्हणजे तेही आपल्यासारखेच दुभाषी मुलखातले. १९३६ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेही जळगावलाच.

आमच्याकडची कन्नड शाळेत जाणारी मुले देवनागरी अडखळत वाचतात. पण लघु-गुरू त्यांना पक्के ठाऊक असतात, कारण कन्नड छंदातही लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. अक्षरांवर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा ती भराभर काढतात. अशाच एका मुलाने पहिल्या ओळीवर खुणा करून मला विचारले, “काका, शेवटी सहा हव्यात, इथे सात कशा?” पुस्तकात ‘चोहीकडे’ असे दीर्घ छापलेले होते. लेखनाच्या नियमाने ते बरोबर, वृत्ताला मात्र ‘हि’ ऱ्हस्वच हवी. मी त्याला पुस्तक मिटून ओळ म्हणायला सांगितले. म्हणताना त्याची ‘हि’ आपोआप ऱ्हस्व झाली.