डेमलो संख्या

१११११११११ या संख्येचा वर्ग केला, की आपल्याला १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती कोणत्याही बाजूने वाचली तरी तीच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला. देवळालीला ते शाळेत शिक्षक होते. ही कल्पना त्यांना डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. म्हणून नाव ‘डेमलो संख्या’.

असे का होते? गुणाकारात नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या, तर मधल्या स्तंभाची बेरीज ९ येते. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास ती बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

हा गुण दशमान लेखनाचा आहे. त्यामुळे काही गणितज्ञ कापरेकरांचे काम निव्वळ करमणूक मानत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते जगभर पोचले.

अमरावती-अकोल्याच्या वर्गातही फळा आणि खडू यांवर हे करता येईल. मात्र नऊ उदाहरणांवर थांबू नये, दहावेही करून घ्यावे. नियम कुठे मोडतो हे पाहिले, की तो का चालत होता हे आपल्याला कळते.